दगडोबाचं पाणी

"हॅलो?... हां वन्सं, बोला... थांबा, थांबा, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाहीये... हां. आता बोला. गुडघा कसा आहे?... अहो, गुडघाच विचारला, त्यात चिडण्यासारखं काय आहे?"

गणवेशाची बाही सुईखाली अर्धवट दाबलेली राहिली. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून तिने दोन्ही हात मोकळे ठेवले. शिवणकाम करणाऱ्या बाईला हात अडकवून बोलणं जमत नाही.

फोन मोठ्या नणंदेचा होता. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊन नणंद लेकीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेली होती आणि जाताना आपलं जिवापाड जपलेलं झाड भावाच्या घरी ठेवून गेली होती. झाड तरी कसलं. बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी कुंडीत खडे मांडून ठेवलेत. दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली, मधोमध एक चीर, ना खोड ना फांदी. अशी तीन डोकी. नणंदेने ती स्वतः बी पेरून वाढवली होती. तो तांबूस रंग त्या जातीत फार क्वचित निघतो, हे ती आल्यागेल्याला ऐकवायची. भावाने मात्र पहिल्याच दिवशी त्याचं नाव दगडोबा ठेवलं आणि घरात तेच रुळलं.

"फोटो?... कसला फोटो?... दगडोबाचा? कोणी पाठवला?... ह्यांनी?... नाही हो, मला कुठे माहीत. फोटो पाठवायला कधी शिकले हे?... खाली काय लिहिलंय?... 'ताई, बघ कसा टवटवीत ठेवलाय'... हो का..."

तिने जीभ चावली आणि दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता. म्हणजे नवरा जागेवरच होता.

"हां, ऐकतेय... हो, हो... अहो ऐका ना... मोठा करून बघितलात? चष्मा लावून?... बरं... नाही, मला बोलू तर द्या... काय?... काय म्हणालात? पुन्हा म्हणा... मी मारलं झाड? आणि कोणाला कळू नये म्हणून कुंडीत दगड मांडले?"

आवाज चढला तसा तो तिने स्वतःच खाली ओढला. उठून दार लोटून घेतलं, त्याला पाठ लावून उभी राहिली.

"वन्सं, आधी घोटभर पाणी प्या... मी तुम्हाला म्हणतेय, झाडाला नाही... आता ऐका. कुंडीत दगड आहेत, हे खरं आहे... हो, दगड. साधे. वरच्या मजल्यावरच्यांनी माशांची पेटी मोडीत काढली, तिच्यातले... हो, मीच मांडले. पण झाड मेलेलं नाही... नाही मेलं. जिवंत आहे... शपथ कशाला घेऊ, सांगते ना... अहो रडू नका. आणि लेकीला नका हाक मारू... गाडी? कसली गाडी? तो गुडघा घेऊन तुम्ही कुठे निघालात? जिना कोण चढणार, मी उचलून आणू का तुम्हाला?..."

पाठीमागून दार ढकललं गेलं. ती बाजूला झाली आणि एका श्वासात तिचा सूरच बदलला.

"...हो ना वन्सं, पाय लांब करून करायच्या त्या व्यायामाने फरक पडतो म्हणतात... अहो, काय हवंय तुम्हाला?... झारी? सिंकखाली असेल... ताईंचाच फोन आहे, हो. गुडघ्याचं सांगतायत... देते, देते नंतर. तुम्ही घाला आधी त्याला पाणी... हो, कमीच घाला... बरं बरं, तुम्हाला कळतं त्यातलं, मी नाही बोलत."

दार पुन्हा लागलं. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला.

"गेले... हो, तेच. पाणी घालायला... दगडांना, दुसरं कशाला... नाही, ह्यांना माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला फोटो पाठवला असता का? त्यांना वाटतं तोच दगडोबा. काल मला म्हणाले, 'बघ, जरा भरल्यासारखा वाटतो ना?' मी म्हटलं, हो, वाटतो खरा."

नवरा उभा जन्म एका मोठ्या हॉटेलात वेटर होता, शेवटी हेड वेटर झाला. बोलण्यात गुंतलेल्या गिऱ्हाइकाला कळायच्या आत त्याचा पेला भरलेला असायचा, अशी त्याची ख्याती होती. निवृत्त झाला तरी रिकामा पेला दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. आणि अशा माणसाच्या घरात नणंदेने, ज्याला पाणी द्यायचं नाही असं झाड आणून ठेवलं होतं.

"तुम्ही जाताना काय बजावलंत?... चीर उघडायला लागली की पाणी बंद. आत नवी पानं धरतात, ती जुन्या पानांतलंच पाणी पितात. जुनी वाळून कागद होईपर्यंत वरून थेंब द्यायचा नाही. दिला तर जुनी फुगतात, नवी आतल्या आत गुदमरतात... का नाही पाठ असणार? तुम्ही कुंडी हातात देताना सांगितलंत, रिक्षात बसल्यावर सांगितलंत आणि पोचल्यावर फोन करून सांगितलंत... हो, तर ते सगळं मी ह्यांना सांगितलं. मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बघते तर पेला तिरका करून उभे. 'अगं, थोडंसंच. बिचाऱ्याला सुरकुत्या पडल्यात'... तेच तर सांगतेय वन्सं, सुरकुत्या पडायलाच हव्यात हे कोणाला पटवायचं? झारी लपवली, तर वाटीने. वाटी उचलली, तर चमच्याने. आता चमच्यांना कुलूप लावू?... ओरडले ना. ओरडले की गप्प. खिडकीत बसायचं आणि येणारीजाणारी वाहनं बघायची. जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची..."

ती मशीनपाशी परत आली, पण बसली नाही.

"तुम्ही बघितलं नाहीत त्यांना, नोकरी सुटल्यावर. घरात टेबल एकच, आणि त्याला गिऱ्हाईक मी एकटी. मी तरी किती पाणी पिणार?... मग हा दगडोबा आला. संध्याकाळ झाली की झारी काढायची, शर्टाच्या बाह्या वर करायच्या, अगदी ड्यूटीवर निघाल्यासारखं... तेही मोडायचं नव्हतं आणि तुमचं झाडही मरू द्यायचं नव्हतं. दोन्ही माझ्याच गळ्यात... हो. म्हणून ते दगड."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला आणि ओठ एका कडेने वर गेले.

"कसे केले म्हणजे?... सांगते की. पेटीतले सगळे खडे परातीत ओतले, धुतले आणि गॅलरीत उजेडात बसले. धागा जुळवतो ना कापडाला, तसे रंग जुळवले. दिव्याखाली जुळवलेला रंग बाहेर फसवतो, म्हणून उजेडात... अहो, साधं काम नाही ते. एकाचा रंग जमला तर आकार बसेना, आकार बसला तर डोक्यावर डाग. मग ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतलं आरीचं पातं घेतलं आणि मधोमध चीर पाडली. चिरेत विटेची पूड घासली... बोट कापलं, ते जाऊ द्या... तुमच्याच कुंडीत, तुमच्याच वाळूत बसवले. अगदी कुंडीच्या कडेचा टवका उडालाय तिकडे कोणाचं तोंड होतं, तेसुद्धा तसंच ठेवलं... आणि तुम्हाला चष्मा लावून, मोठा करून बघावं लागलं ना?... मग... नाही, हसत नाहीये... जरा हसतेय."

"खरं?... खरं माझ्याजवळ आहे. इथेच, शिवणाच्या खोलीत. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याच्या आत... बटणांच्या डब्यात... हो, पत्र्याच्या. अहो, बुडाला खिळ्याने भोकं पाडलीत. तुम्ही पिशवीत दिली होतीत ती भरड वाळू घातलीय... ह्या खोलीत हे पाऊल टाकत नाहीत, दारातूनच बोलतात. एकदा टाचणीवर बसले होते... हलवताना मुळं बघितली ना. एका बाजूला मऊ पडली होती, ह्यांच्या पेल्याची कृपा. तेवढी कापून काढली, उरलेली वाऱ्यावर सुकू दिली, मग लावलं... कात्री उकळून घेतली, हो. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण जखमेला घाण कात्री लावत नाहीत, एवढं कळतं..."

तेवढ्यात नणंदेने विचारायचं ते विचारलंच. हिने खांद्यावरचा फोन काढून हातात घेतला.

"आधी का नाही सांगितलं?... सांगितलं असतं तर तुम्ही पहिला फोन ह्यांना लावला असता. आणि पुन्हा हे खिडकीत... आणि दुसरं सांगू? राग मानू नका. तुम्ही विश्वास ठेवला असता माझ्यावर?... तुमचंच वाक्य आहे. 'हिला कापडावरची फुलं जमतात, कुंडीतली नाही.' सगळे जेवायला बसले होते तेव्हा... म्हणालात. तुम्हाला नाही आठवणार, म्हणणाऱ्याला नाही आठवत. मी वाढत होते, माझ्या हातात पातेलं होतं... असू दे हो. मी काही ते धरून बसलेले नाही... नाही धरून बसलेले. फक्त सांगितलं."

"...बरं, आत्ता तरी बसतोय का विश्वास?... पाठवते की फोटो, त्यात काय... जुना असेल म्हणता? वा. म्हणजे दगडाचा एक फोटो बघितलात तर आता सगळेच खोटे... बरं, तुम्हीच सांगा, शेजारी काय ठेवू. म्हणजे आत्ताचा आहे हे कळेल... बटण? कसलं?... चार भोकांचं, निळं. थांबा, शोधते... आणि त्यात पिवळा दोरा ओवू? वन्सं, मी त्याला पळवून नेलंय का खंडणी मागायला?... ओवते, ओवते."

तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, बटणात ओवलं आणि पडदा सरकवला. संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात पत्र्याच्या डब्यात ती तीन डोकी बसली होती. जुनी पानं सुरकुतून, आक्रसून बाजूला झुकली होती, अंगाला न येणाऱ्या कपड्यासारखी. त्यांच्या मधून नवी जोडी वर आली होती. घट्ट, गुळगुळीत, आणि रंग असा तांबूस की पहिल्यांदा तो दिसला त्या सकाळी ती चहा विसरून उभी राहिली होती. हे कोणाला दाखवावं असं रोज वाटायचं आणि दाखवायला कोणी नव्हतं.

तिने डब्याशेजारी बटण ठेवलं आणि फोटो काढला.

"पाठवला... जातोय... गेला. बघा... दिसला?... वन्सं?... हॅलो?... आहात ना?"

फोन चालू होता. नणंदेच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"हो... हो, तीच. नवी जोडी. तिन्हींना आलीय... मधल्याचं नीट बघा. मोठा करा. बघताच आहात चष्मा लावून तर... दिसलं?... हो, दोन. एकाच्या आत दोन जोड्या. म्हणजे तिनाची चार डोकी होणार... तुमच्याकडे इतकी वर्षं तीनच होती ना?... नाही, मी कुठे काय म्हणतेय? मी आपली मोजतेय."

"...हां... हां... आई म्हणजे असंच असतं, आपलं सगळं पोरांना पाजून आपण वाळायचं... वन्सं, तुम्ही वाळलात असं मला तरी दिसत नाही. तुमची लेक सांगत होती, ऑपरेशन झाल्यापासून दोनदा वाढून घेता म्हणून... मग ते बोलू नका. झाडाचं झाडापाशी राहू द्या."

"...काय?... आता पाणी?... तुम्ही मला विचारताय?"

तिने मान सरळ केली. खोलीत बघायला कोणी नव्हतं, तरी पदराची गाठ सोडून पदर नीट खोचला. मग वाकून, कापडाचा पोत बघावा तसं, अंगठा आणि तर्जनीने एकेक जुनं पान हळूच चाचपलं.

"बघून सांगते... कडेच्या दोघांची झालीत. आम्ही कापड बेतायला पातळ कागद वापरतो ना, अगदी तशी. नख लावलं की वाजतात... पण मधल्याच्या बुडाशी अजून जाडी आहे. फोटोत नाही दिसायची ती, बोटालाच कळते. दुमडीवर इस्त्री फिरवायची राहून गेली की लागते ना, तशी... म्हणजे आत पाणी आहे अजून. त्याला दोन जोड्यांना पाजायचंय, वेळ लागणारच... नाही. माझं मत विचाराल तर आज नाही. त्याचा शेवटचा थेंब संपू दे... मग एकदाच, सकाळच्या वेळी, बाजूबाजूने, डोक्यावर नाही. बुडातून निघेपर्यंत भरपूर. आणि मग पुन्हा त्याला विसरून जायचं... हो?... तुम्हालाही तसंच वाटतं?... बरं. मग तसंच करू."

बाहेर झारी सिंकमध्ये ठेवल्याचा आवाज झाला. तिने पडदा ओढला आणि घाईघाईने फोन तोंडाशी नेला.

"वन्सं, हे येतायत. तुमच्याशी बोलायचंय त्यांना... ऐका, एक मागते. झाड तुमचं आहे, भाऊही तुमचा आहे. तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. पण... एवढंच, की झारी ठेवताना गुणगुणत होते आत्ता... बघा तुम्हीच. देते हं... या ना, या. दारातूनच घ्या. खाली टाचण्या सांडल्यात."

नवऱ्याने हात पंच्याला पुसून फोन घेतला. आता बोलणं त्याचं होतं आणि पलीकडचं त्याच्या तोंडावरून ओळखायचं होतं.

"हॅलो, ताई?... बघितलास ना फोटो?... मग. आमची ही म्हणते पाणी घालू नका, पाणी घालू नका. तिला काय कळतं त्यातलं... हो, रोज घालतो... रोज... का गं?"

त्याचा चेहरा पडला. दुसरा हात दाराच्या चौकटीवर गेला. तिने बाहीचं कापड उगाचच उलटंसुलटं केलं.

"...हां... हां... नाही, मला वाटलं, सुरकुतलंय म्हणून... हो... काय म्हणतेस?... खरंच?... सगळ्यांना नाही जमत?"

चौकटीवरचा हात खाली आला. खांदे मागे गेले. आठवणीतला हेड वेटर दारात उभा राहिला.

"...अगं, अंदाज असावा लागतो. पेला कधी भरायचा हे गिऱ्हाईक सांगत नाही, आपल्याला कळावं लागतं... म्हणजे तू आलीस तरी ही कुंडी माझ्याकडेच?... नक्की? पुन्हा फिरायचं नाही हं... फूल? ह्याला फूल येतं? मला कोणी बोललंच नाही... थंडीच्या तोंडावर... बघतोच. पहिलं फूल आलं की तुला फोटो... हो, घेतो काळजी. घे, हिला बोलायचंय."

फोन तिच्या हातात देऊन तो निघाला. दोन पावलांवर थांबून वळला आणि पेला भरून ठेवल्यावर गिऱ्हाइकाला करायचा तसा किंचित वाकला. मग टीव्हीचा आवाज वाढला.

"...गेले. वन्सं, काय हे?... नाही, चांगलं केलंत. फार चांगलं केलंत... पण फूल? दगडाला फूल येईल म्हणून सांगितलंत? आता हे रोज उठून वाकून बघणार. मी कुठून आणू फूल?... कापडाचं?"

ती मशीनच्या स्टुलावर बसली.

"...कसं असतं?... पिवळं. बारीक बारीक पाकळ्या, भरपूर... साटीन नको, चमकेल. मलमल चालेल, आहे माझ्याकडे तुकडा... चिरेतून वर येतं? म्हणजे देठ नाही. सोपं आहे मग. चिरेत बसवायला तार लागेल पातळ... दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं? वन्सं, मी काय रोज मिटायला आणि उघडायला जाऊ?... हे दुपारी झोपतात, ते खरं... बरं. बघते. ह्यांनी हात लावला नाही म्हणजे मिळवली... हो, खऱ्यालाही येईल ना, येऊ दे की. दोन्ही शेजारी ठेवून ओळखायला लावीन तुम्हाला. चष्मा लावून."

पलीकडे नणंद हसली. मग थांबली, आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. इकडे हिचा हात बाहीवर तसाच राहिला.

"...काय म्हणालात?... नाही, ऐकू नाही आलं. आवाज तुटतोय तुमचा... कापडावरची जमतात हे ऐकलं, त्याच्या पुढचं... पुढचं सांगा... हां... अर्धंच आलं. आता?... खिडकीशी येऊन बोला बरं जरा... हां, बोला आता."

आवाज मुळीच तुटत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा इतकी स्वच्छ येत होती की नणंद खुर्चीतून उठल्याचं, काठी टेकत खिडकीशी आल्याचं तिला ऐकू आलं. मग नणंदेने तेच वाक्य मोठ्याने, शब्द सोडवून सोडवून, पलीकडच्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.

"...हां. आता आलं... नाही, पूर्ण नाही हो, शेवटचे दोन शब्द... कुंडीतलीसुद्धा काय?... वन्सं?... हॅलो?... हॅलो?"

या वेळी मात्र फोन खरंच कटला होता. तिने तो डब्याशेजारी ठेवला. चिंध्यांच्या पिशवीत हात घालून पिवळ्या मलमलचा तुकडा काढला, खिडकीशी जाऊन उजेडात धरून बघितला, आणि अडकून पडलेल्या बाहीला सुईखालून मोकळं केलं.